पाचोडचं रान आणि माझा अपुरा प्रबंध

मी, राजेंद्र सखाराम दाभाडे, वय ७१, तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेले असले तरी डोके शाबूत आहे. डॉक्टर तनुजा यांनी तसा दाखला दिला आहे. पत्नी रत्नमाला हिचे याबाबत वेगळे मत आहे, पण ते चाळीस वर्षांपासूनचे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर रत्नमालाचे, तिच्यानंतर मुलगा बुद्धभूषण याचे. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या.

२. पुस्तकांची चार कपाटे पाचोडच्या विहारातील वाचनालयास. मी जिथे नोकरी केली त्या महाविद्यालयास एकही पुस्तक देऊ नये. माझ्या निवृत्तीनंतर त्यांनी तत्त्वज्ञान विभागाच्या खोलीत झेरॉक्स मशीन बसवले. ते तरी चालते आहे, असे ऐकतो.

३. आरामखुर्ची मित्र साहेबराव यांना. तीस वर्षे याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत त्यांनी मला चूक ठरवले. यापुढे ते काम त्यांनी स्वतःच्या घरी करावे.

४. माझा प्रबंध अपुरा आहे, तो कोणी पुरा करू नये. विषय होता एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन अतींद्रियवादी आणि चीनचे ताओवादी यांच्या मते ‘स्व’ आणि निसर्ग. थोडक्यात सांगतो, कारण पुढची वाटणी त्यावर अवलंबून आहे. अमेरिकन म्हणतात, आतल्या आवाजावर भरवसा ठेव, स्वतःच्या पायावर उभा राहा. झाडात जे आहे तेच तुझ्यात आहे. ताओवादी म्हणतात, ढवळाढवळ करू नकोस, वाहत्याला वाहू दे. अमेरिकन माणूस रानात जातो तो स्वतःला गाठायला. ताओवाला जातो तो स्वतःला तिथेच विसरून यायला. मी पहिल्या बाजूचा, साहेबराव दुसऱ्या बाजूचे.

वाद मिटेना म्हणून पाचोडच्या आमच्या ऐंशी आर जमिनीत मी मधोमध बांध घातला. पूर्वेकडे मी स्वतःच्या हाताने सीताफळे लावली, दर रविवारी जाऊन पाणी दिले. पश्चिमेकडे काहीच करायचे नाही असे ठरवले. पुढे दुष्काळाची दोन वर्षे आली. मी पेपर तपासण्यात अडकलो आणि पूर्वेकडचे सगळे वाळून गेले. पश्चिमेकडे मात्र बोरी, बाभळी, कडुनिंब हिरवेगार. मी हार मानली आणि ‘न करण्याचे फळ’ असा लेख छापून आणला. साहेबरावांनी त्या दिवशी पेढे वाटले.

गेल्या दिवाळीत तो लेख मी गोजरअक्काला वाचून दाखवला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण गोजरबाई. नवरा गेल्यापासून ती पाचोडलाच, रानाला लागून राहते. सगळे ऐकून म्हणाली, “पानी तर मी घालत होते की.”

“कुठं?”

“पल्याडच्या अंगाला. हिकडं तू म्हनला हात लावू नको, माझं मीच करनार. तिकडं म्हनला, हितं कुनी काई करायचं नाय. मंग म्हनलं, कुनी नाय तर आपन करावं. टँकरचं पानी घरापुरतंच. आंघोळीचं, भांड्याचं नेऊन वतायचे.”

दोन वर्षे, डोक्यावरून, बांध ओलांडून. अमेरिकन ‘स्व’ आणि चिनी ‘न करणे’ यांचा निकाल माझ्या बहिणीच्या खरकट्या पाण्याने लावला होता. कोणतीही गोष्ट एकट्याने उगवत नाही, तिला कारणे असतात, हे धम्माचे साधे म्हणणे मी लहानपणापासून ऐकत आलो. प्रबंधात मात्र पाणी कोणी घातले हे विचारायचे राहून गेले. मला याची लाज वाटते. माझा तो लेख चुकीचा आहे, असे इथे जाहीर करतो.

५. वडिलांच्या पश्चात त्या जमिनीत अक्काचा निम्मा वाटा होता. रिवाजाप्रमाणे तिने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. मी तिला साडी घेतली आणि पैठणच्या स्टँडवर चहा पाजला. तेवढ्यावर भागले असे मी एकतीस वर्षे समजत होतो. सबब ती संपूर्ण ऐंशी आर जमीन माझ्या मृत्यूनंतर गोजरबाईची होईल. बुद्धभूषणला तिथे प्लॉट पाडायचे होते. तो चिडेल, पण बापाला समजून घेईल.

६. वरील मजकूर आज सकाळी सर्वांसमोर वाचला. अक्का मुद्दाम पाचोडहून आली होती. कलम ५ ऐकून तिने विचारले, “राजू, तू किती वर्साचा?”

“एकाहत्तर.”

“आन् मी सत्त्याहत्तर. माझं मला मिळाया मी तू मरायची वाट बघू व्हय?”

रत्नमाला हसली. मजकूर तपासायला बोलावलेल्या वकिलांनी चष्मा पुसला. ज्याला मी ‘न करणे’ म्हणत आलो, त्यातले बरेचसे नुसते टाळणे होते.

म्हणून असे ठरले की उद्या, सोमवारी, मी आणि अक्का पैठणला दुय्यम निबंधकांकडे जाऊन जमीन तिच्या नावे करून देऊ. कलम ५ फक्त तोपर्यंत लागू राहील, आजच्या रात्रीत माझे काही बरेवाईट झाले तर.

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने मजकूर वाचून सही केली, आणि त्याच्यासमक्ष आम्ही:

साक्षीदार १. डॉ. तनुजा खरात (सही)
साक्षीदार २. पुंडलिक म्हस्के, शेजारी (सही)

लिहून देणार: राजेंद्र सखाराम दाभाडे (सही)

छत्रपती संभाजीनगर, रविवार, दि. ९ मार्च २०२५