दोनशे बारा होकार, एक खोकला

स्कोगली, नॉर्वे
ता. २० ऑगस्ट १९०५

ती. रागनिल्डताईस,
ताराल्डचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुझं स्वीडनमधलं सासर परदेश झालेलं असेल की नाही, हे इथे कुणालाच सांगता येत नाही. गेल्या रविवारी चर्चमध्ये मतदान झालं. स्वीडनबरोबरचं नव्वद वर्षांचं एकत्र बिऱ्हाड मोडलं, ते मान्य आहे का, एवढाच प्रश्न. शाळामास्तर म्हणून चिठ्ठ्या मीच मोजल्या. दोनशे बारा 'हो', एक 'नाही'.

तेव्हापासून गाव त्या एकाला शोधतंय. बूट शिवणाऱ्या एम्ब्रिकवर सगळ्यांचा संशय, कारण पेटीत चिठ्ठी टाकताना तो खोकला. त्याच्या आजोबांचा कान स्वीडिश गोळीनं गेला, तो स्वतः स्वीडिश वाऱ्याकडे तोंड करून बसत नाही, हे सगळं गाव विसरलं. आता त्याच्याकडे कुणी बूट टाकत नाही. गावप्रमुख ओस्मुंडचा उजवा अंगठा बुटातून बाहेर आलाय. तो चारचौघांत सांगतो की हा स्वतंत्र अंगठा आहे. एम्ब्रिकच्या घरात चार तोंडं आहेत आणि थंडी फार लांब नाही.

ताई, ती चिठ्ठी माझी. पेन्सिल हातात घेतली आणि तुझा चेहरा समोर आला. तुझ्या दारात यायला मला उद्या कुणाची परवानगी लागावी, याला माझ्या हातून 'हो' लिहिलं जाईना. मोजताना ती उघडली तेव्हा मीही इतरांसारखाच दचकलो. ते सोंग होतं की खरं, याचा अजून निकाल लागत नाही. सांगितलं तर नोकरी जाईल. न सांगितलं तर एम्ब्रिक उपाशी मरेल. काय करू, ते कळव.

माया पूर्वीच्याच मापानं असू दे.
तुझा,
ताराल्ड


लिल्लब्यू, स्वीडन
ता. ३० ऑगस्ट

चि. ताराल्ड यास,
अ. उ. आ., आणि एक कानपिचकी.

माझ्यासाठी 'नाही' लिहिलंस? मला विचारलं होतंस? मी बाई, मला मत ना इकडे ना तिकडे. असतं तर 'हो' लिहून खाली दोन रेघा मारल्या असत्या! वीस वर्षं सासरी ऐकतेय की नॉर्वे म्हणजे नांदायला न शिकलेली सून. बोलणं नॉर्वेबद्दल, बघणं माझ्याकडे. आणि गंमत बघ, मी परकी ठरणार म्हटल्यापासून सासूबाई मला सोनेरी कडेच्या कपातून कॉफी देतात. पाहुणीला साधा कप देणं बरं दिसत नाही म्हणे.

तू येत्या रविवारी उठून खरं सांगून टाक. नोकरी गेली तर इकडे ये, गोठा मोठा आहे.

एक घोटाळा मात्र माझ्या हातून झालाय. तुझं पत्र वाचून मी रडत होते, तेवढ्यात तुझे भावजी आल्गोट आले. तुझं नाव कसं घेऊ? म्हणून एम्ब्रिकचं सांगितलं. त्यांनी ते गावभर केलं. नॉर्वेत स्वीडनचा एकच सच्चा मित्र उरलाय आणि तो उपाशी आहे, म्हणून लोक इतके गहिवरले की सव्वीस जोड दुरुस्तीला जमलेत. आल्गोट गाडी घेऊन निघताहेत.

प्रकृतीला जप, शहाणपणालाही.
तुझी,
रागनिल्ड


स्कोगली
ता. २८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बूट पोहोचले, पण सरळ नाही. दोन्हीकडची फौज सीमेवर आलेली. आमच्या अधिकाऱ्यानं हिशेब मांडला की सव्वीस जोड बूट पुढे आलेत, म्हणजे मागून सव्वीस माणसं येणार. बुटांवर संगिनीचा पहारा बसला. आल्गोटभावजींना रिकाम्या गाडीसकट परत पाठवलं. गेल्या शनिवारी तह झाला, तेव्हा बुटांचे तळ तपासून शेरा मारला गेला की असल्या बुटांत कुठलीच फौज चालू शकणार नाही. मग सोडले.

मधल्या काळात मी चर्चमध्ये उठून सगळं सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. ओस्मुंडच्या डोळ्यांत पाणी आलं. गद्दाराला वाचवायला दुसऱ्याचा चिखल स्वतःच्या डोक्यावर घेणारा मास्तर आपल्याला लाभला, असं तो बोलला आणि शाळेला नवी शेगडी मंजूर झाली. परक्या राजापुढे पुन्हा मान तुकवणार नाही, असंही तो त्याच सभेत गरजला. राजा डेन्मार्कहून मागवायचं घाटतंय, हे त्याला सांगायला माझ्यात धीर उरला नव्हता.

म्हणून बूट सुटून आल्यावर एम्ब्रिकच्याच घरी गेलो. त्यानं लगेच विश्वास ठेवला. आधी हातोडा फेकला, मग मला नेभळट, दुतोंड्या आणि पुस्तकी किडा म्हणाला. मग कोपऱ्यातल्या बुटांच्या ढिगाकडे बघत बसला. शेवटी म्हणाला की मास्तर, आता थोबाड मिटायचं. मी 'हो' म्हटलं हे त्या स्वीड लोकांना कळलं तर बूट माघारी जातील आणि माझी पोरं काय तुमची शेगडी खाणार?

त्यानं मला शिक्षाही दिली. तुमच्या गावाला आभाराचं पत्र हवं आणि ते त्याला लिहिता येईना. पहिल्याच वाक्याला तो थुंकला. म्हणाला, तुमचं तुम्ही लिहा, मी सही करतो.

ताई, मी लिहिलं. 'नाही' का लिहिलं, पलीकडे माझं कोण आहे, लहानपणी तिनं मला पाठीवर घेऊन कुठला ओढा ओलांडला, सगळं. एकाही वाक्याशी अडलो नाही. एम्ब्रिकनं न वाचता सही केली.

ते पत्र सोबत आहे. तुमच्या चर्चमध्ये मोठ्यानं वाचतील. तू मागच्या बाकावर बस.

पुढचा जोड पाठवशील त्यात दोन ओळी घाल. बुटांना आता कुणी अडवत नाही.
तुझा,
ताराल्ड