बांधावरची चिंच

चि. हितेंद्र,

आशीर्वाद आहेत, पण रागाने.

आम्ही दोघं इथे इटलीत बरे आहोत. ऑलिव्हची तोडणी चालू आहे, खांदे दुखतात, एवढंच. आईचे गुडघे कसे आहेत?

केळीची एक ओळ वाढावी म्हणून तू बांधावरची चिंच पाडलीस! इथल्या मालकाचं सगळ्यात जुनं झाड आतून पोकळ झालंय, टोपलीभरसुद्धा फळ देत नाही. तरी त्याचा ट्रॅक्टर त्याला वळसा घालून जातो. घड कापला की खोड तोडायचं, ही रीत केळीपुरती रे! चिंचेने तुझं काय घोडं मारलं होतं?

आबा दुपारी तिच्याच सावलीत खाट टाकायचे. आता कुठे टाकतात? की त्यांचाही घड कापून झाला, असं समजलास?

तुझी,
मयुरीअक्का