ट्रकच्या घरघरीमागे

बर्लिन, नोव्हेंबर १९९८

प्रिय अल्ताफ, खूप दुआ.

इथे थंडी आहे, पण माझी काळजी नको. गॅरेज कसं चाललंय? मुलं अभ्यास करतात ना?

कापूरहोळच्या ट्रकांची कॅसेट मिळाली. अम्मीच्या खिडकीतून हायवे छान टिपलास. रस्त्याचा गोंगाट अडवायला सारख्या अंतरावर नळ्यांच्या रांगा उभ्या केल्या, की ठरावीक आवाजाच्या लाटा त्यांत अडकतात, जिरून जातात. आम्ही इथल्या लॅबमध्ये ते कॉम्प्युटरवर गणिताने मांडतो. तुझी कॅसेट त्या गणितातून गाळून घेतली आणि घरघर जवळजवळ नाहीशी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मागची बोलणी ऐकू आली. तिथे मराठी कळणारी मी एकटीच.

"अल्ताफ, पानी दे रं बाळा."

"गप पड, म्हातारे. पानी पितीस आन् हातरून भिजवतीस. तुजी लेक येनार हाय का धुवायला?"

"मग दोनच घोट दे."

तू तापाने फणफणलास की अम्मी तुला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजायची. मला अजून दिसतं ते.

महिनाअखेर मी तिला न्यायला येतेय. तोवर तिला पोटभर पाणी देत जा, अल्ताफ. भिजलेली अंथरुणं ठेवून दे, मी आल्यावर धुईन.

मुलांना माझा पापा.

तुझीच,
आपा