ते मासिक आपल्याकडे येत नाही

१४ जानेवारी

प्रिय भाऊराया,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावोजींनी गळका नळ एकदाचा स्वतः दुरुस्त केला; आता तो दोन ठिकाणी गळतो. चिमणी हल्ली डाव्या हातानं चित्रं काढते, कारण उजवा वर उचलत नाही. बडबड मात्र तशीच.

मागच्या मंगळवारी तिचे रिपोर्ट दाखवायला मी तुझ्या गावी येऊन गेले. कळवलं नाही, रुसू नकोस. वेळ होता म्हणून तुझ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत डोकावले, तर तू जेवायला गेलेला. काउंटरवरच्या बाईंना सहज तो लेख विचारला. चिमणीच्या आजारावरचा. घरी इंटरनेटवर मला त्याचा नुसता सारांश दिसतो आणि पूर्ण लेख मागितला की तू वर्षभर म्हणतोस, "ताई, ते मासिक आपल्याकडे येत नाही गं."

बाई म्हणाल्या, "येतं की. इथं बसून कुणालाही पूर्ण वाचता येतं. तुमच्या भावानं तर मागेच प्रिंट काढून नेली."

वाचला. निम्मं इंग्रजी डोक्यावरून गेलं, पण शेवटचा तक्ता कळला. त्यातलं एकही मूल बारा वर्षांपुढे गेलेलं नाही. आपली चिमणी अकराची आहे.

तुझी वाट न बघता बस पकडली. आधी तुझा भयंकर राग आला. खोटं बोललास की लहानपणापासून तुझे कान लाल होतात, म्हणून वर्षभर नुसते फोन करत राहिलास आणि घरी फिरकला नाहीस. मग उरलेल्या वाटेत रडले. एवढं सगळं एकट्यानं पोटात ठेवलंस रे.

घरी पोचले तर हे दारातच उभे. "मिळाला का लेख?"

मी म्हटलं, "नाही. ते मासिक तिथं येत नाही."

"असू दे," हे म्हणाले, "भाऊ शोधतोय ना."

ज्या गोळ्यांनी चिमणीला नुसत्या उलट्या होतात, त्या आता बंद करायच्या आहेत. त्यासाठी यांना खरं सांगायला हवं, आणि माझ्या एकटीच्यानं ते होणार नाही. तू ये. चिमणी रोज विचारते, मामा माझ्यावर रागावलाय का. मी काय सांगू? तिला उत्तर तूच दे, ती विचारतेय तोवर.

तुझी,
ताई