बुचांची बंदूक

आप्पा, काल बोईसर स्टेशनाबाहेर सुकटवाली मावशी भेटली. जत्रेत आपल्या स्टॉलशेजारी टोपली मांडून बसायची, तीच. आता तिला धड दिसत नाही, पण माझ्या आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि भर रस्त्यात हात धरून तुमच्याबद्दल असं काही सांगितलं की घरी आल्यावर कपडेही न बदलता मी हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते नंतर बघू.

सरावलीची आपली खोली आठवते ना? स्वयंपाकघर म्हणजे ओटा आणि त्याखाली तुमची हत्यारांची पेटी. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि कंपनीनं तुम्हाला फिटरचं काम सोडवून गेटवर बसवलं. तुम्ही कधी रडगाणं गायला नाहीत, पण आईची विळीसुद्धा पाजवून देईनासे झालात. वर्षभरानं अचानक ठरवलंत की थंडीतल्या जत्रेत डबे पाडायच्या खेळाचा स्टॉल टाकायचा आणि बंदूक स्वतः बनवायची. बाकीच्यांच्या बंदुकीत दर वेळी बूच हातानं भरावं लागायचं, ते तीन बोटांच्या हाताला जमेना. म्हणून तुमच्या बंदुकीला वर आठ बुचांची नळी. घोडा दाबला की हवेनं बूच सुटायचं, खिट्टी मागं जायची आणि पुढचं बूच घेऊन स्प्रिंगनं आपली आपण परत यायची. दस्ता मोडक्या खाटेच्या पायाचा, हवा सायकलच्या पंपाची, बुचं जुन्या चपलांच्या रबराची. पहिल्या दिवशी आठच्या आठ बुचं सुटली तेव्हा तुम्ही आईला चहा करून दिलात. हे आपल्या घरात आधी कधी घडलं नव्हतं.

मी हात पुढं केला, तर केवढ्यांदा खेकसलात! "यंत्राला माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय!" मी दहा वर्षांची. तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर हात लावलाच. खिट्टी जराशी कुरकुरत होती, ती मला बघवेना. आई दर रविवारी माझ्या केसांना तेल चोपडायची, तसंच मीही बंदुकीला बाटलीतलं खोबरेल पाजलं, चांगलं सढळ हातानं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंदूक अडली. खिट्टी अर्ध्यात येऊन थांबली, बूच तिरकं बसलं. तुम्ही नळी घासलीत, बुचं पुन्हा कापलीत. दुपारी ड्यूटीवरून आलात तर बंदूक सुरळीत. पुन्हा पहाटे अडलेली. शेजारचे उत्तर प्रदेशातले भैया दारात दात घासत म्हणायचे, "भाईसाब, ये तो नाटक कर रही है." तुम्हाला हसू येत नव्हतं. जत्रा चार दिवसांवर आली, तेव्हा कानस खाली ठेवून आईला म्हणालात, "माझं हातच राह्यलं न्हाईत गं आता. भंगारात देऊन टाक समदं." त्याच वेळी आई गोठलेली खोबरेलाची बाटली चुलीजवळ धरून उभी होती. मी बाटलीकडे बघितलं आणि मला सगळं उमगलं. थंडीत तेल गोठतं, उन्हं चढली की वितळतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी पाटी-दप्तर उचलून शाळेत गेले.

दोन दिवसांनी पहाटे आठही बुचं सुटली. "स्प्रिंग मऊ होती," तुम्ही म्हणालात. जत्रेत तुमच्या स्टॉलसमोर ही गर्दी. पार सफाळ्याहून आलेली पोरं रांगा लावत होती आणि तुम्ही तीन बोटांनी मिशी पिळत होतात. घरी आल्यावर शिवणयंत्राच्या तेलाची कुपी माझ्या हातात ठेवलीत. "आठवड्याला दोन थेंब. ह्यातलंच. हे काम आजपासनं तुजं." मला आकाश ठेंगणं झालं. आज मी पॅकिंगच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करते ती त्या कुपीपासून. आणि तेल नव्हे, स्प्रिंगच मऊ होती, अशी माझी मी समजूत घातली ती थेट कालपर्यंत.

काल मावशी म्हणाली, "तुज्या बापानं बंदूक खोलली नि हुंगली. मना सांगतो कसा, बंदुकीला माज्या पोरीच्या केसांचा वास येतो. येड्यासारका हसत होता. मंग रॉकेलनं धुतली. बोलला, तिला सांगू नको, भ्याली हाय ती. कललं तर परत हत्याराला हात नाय लावणार."

आधी मला तुमचा रागच आला. स्प्रिंगची ती गोष्ट तुम्ही माझ्या सासऱ्यांनासुद्धा ऐकवलीत, आणि मी शेजारी बसून माना डोलावल्या! मग फार रडू आलं. आप्पा, मी भ्याले असं तुम्ही धरून चाललात. तुम्ही कधी हात उगारला नव्हता, भिणार कशाला? हे पत्र मी उद्या फाडून टाकीन, म्हणून लिहिते. हात राहिले नाहीत असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला कळत होतं की एका शब्दानं तुमचे हात तुम्हाला परत मिळतील. पण तुम्ही सगळं टाकून दिलंत तर भंगारात जायच्या आधी ओट्याखालची पेटी मला मिळेल, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी गप्प बसले.