रजेवरची सायकल

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. रत्नमाला वाचणार नाही, बायको असूनही तिला माझं अक्षर लागत नाही.

आमच्या मुलीचं, रीनाचं, लग्न जमल्यातच जमा आहे. मुलगा अश्वजित, सिहोऱ्याचा, शाळेत मास्तर. मंडळी ३० तारखेला वरठीला आपल्या घरी येणार, त्याच दिवशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मी माझ्या लग्नातला कोट घालणार. काल घालून पाहिला, बटण आणि काज यांच्यात चार बोटं अंतर. रत्नमाला म्हणाली, नवा शिवा. म्हटलं, कोट तोच राहील, माणूस बदलेल.

त्यासाठी सायकल घेतली. रोड सायकल, नागपूरहून, ऑफिसातल्या भूपेंद्रच्या ओळखीनं. हँडल बोकडाच्या शिंगासारखं. स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. उद्यापासून महिनाभर रजा. सत्तावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत एवढी रजा कधी घेतली नाही. मोटरसायकल मागच्या खोलीत ताडपत्रीखाली, किल्ली रत्नमालाकडे. महिनाभर हात लावणार नाही. आणि कारण कुणाला सांगणार नाही. एकदम ३० तारखेला पाहतील.

४ नोव्हेंबर, मंगळवार
पाचचा गजर. साडेआठला उठलो. थंडीत स्नायू आखडतात, म्हणून ऊन चढू दिलं. दहाला निघालो. काल हवा भरण्यात दिवस गेला.

कालव्याच्या बाजूचा रस्ता. गाडी नाही, घोडं नाही. दोन्हीकडे धानाच्या कापलेल्या बांध्या, त्यात बगळे. मनात आलं, माणसानं असंच जगावं. तिसऱ्या किलोमीटरला अर्ध्या रस्त्यावर धान वाळू घातलेलं. बारीक टायर धानावर गेलं आणि मी आडवा. धान जागेश्वरचं, आपल्या गल्लीतलाच. त्यानं आधी धान सारखं केलं, मग मला उचललं. गाडी कोठी हाय म्हणे. म्हटलं, आता सायकलच. आन ऑफिस? म्हटलं, सध्या बंद, आता फक्त स्वतःकडे पाहायचं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग चहा पाजला, आणि मी नको नको म्हणत असताना सायकलसकट ट्रॉलीत घालून घरी सोडलं.

खेड्यात खेळाडूला अजून मान आहे.

आजचे एकूण सहा किलोमीटर. ट्रॉलीतले तीन धरले, कारण सायकल दोन्ही हातांनी धरून बसावं लागलं.

५ नोव्हेंबर
सीटचा विषय. उभ्यानं जेवलो.

६ नोव्हेंबर
तेच. विश्रांती हाही ट्रेनिंगचा भाग असतो.

९ नोव्हेंबर, रविवार
चार किलोमीटर, स्वतःच्या बळावर. पाचव्याला पंक्चर. एका घरासमोर सायकल टेकवायला जागा शोधत होतो (स्टँड नाही). घरातून सुशीलाबाई म्हणून म्हातारी आली. मी ओळखत नव्हतो, ती मला ओळखत होती. पोहे दिले, परत दिले. निघताना भलंमोठं कोहळं हातात ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणे, दिवस फिरतात बापू, जीव बारीक करू नोको.

म्हटलं, तोच तर करतोय. तिनं पदर डोळ्यांना लावला.

कोहळं हँडलला अडकवून पाच किलोमीटर पायी. बाई भावनाप्रधान आहे, पण फिटनेसची जाण दिसली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आज हेमराज भेटला, माझा शाळेतला दोस्त. रस्त्यात मोटरसायकल आडवी लावून थांबवलं. त्याच्या साळ्याला नागपूरच्या एका वकिलानं केसमधून काढलं, म्हणे नाव-नंबर लिहून घे. लिहून घेतला. रोडवर सायकलवाल्याला कोण कधी उडवेल सांगता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं म्हणायचं. भज्यांची प्लेट पण त्यानंच मागवली. नाही म्हणायला गेलो तर खांदा दाबून धरला.

कोट घालून पाहिला. पाच बोटं. कोट थंडीनं आखडला असावा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जागेश्वरच्या घरून भाजीचा डबा आला. काल समोरच्या घरून आला होता. रत्नमाला म्हणते, हे लोक काहून डबे पाठवून राहिले? मी म्हटलं, जनतेचा पाठिंबा. ती म्हणाली, तुमचं डोकं उन्हानं तापलं. हिला खेळाचं काही नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १
अश्वजितच्या वडिलांचा, अंकुशजींचा फोन. जयभीम झाला. सगळं ठीक हाय ना, म्हणाले. म्हटलं, एकदम. सकाळपासून मोकळाच असतो, सायकलवर निघतो, वाटेत लोक खाऊ घालतात. तिकडे शांत. दोनदा हॅलो म्हटलं. सिहोऱ्याला नेटवर्कची बोंब आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
वाईट झालं. सिहोऱ्याहून निरोप, ३० तारखेचं पुढं ढकलू. कारण काय तर धानाची कामं. ३० तारीख ठरली तेव्हा धान काय आकाशात होतं? अश्वजितचा फोनही दोन दिवस आला नाही. रीना जेवली नाही. मला म्हणाली, बाबा, गाडी काढा ना. म्हटलं, बेटा, संकल्प आहे. ती उठून आत गेली. रत्नमाला चुलीकडे तोंड करून रडत होती. पोरीला काय झालं हे कळत नाही, आणि विचारायला जावं तर सगळे मला खाऊ घालतात.

निर्णय: रविवारी स्वतः सिहोऱ्याला जाणार. सायकलवर. पन्नासएक किलोमीटर असेल. होणारा व्याही घाम गाळत दारात आलेला पाहिला की माणसाचं मन बदलतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. सिहोरा, दुपारी ३
अंकुशजींच्या पडवीत लिहीत आहे.

पाचला निघालो (साडेसात). बारा किलोमीटर खरोखर छान गेले. मग पोटरीत गोळा आला. मग चेन उतरली. मग वारा, समोरून. एका झाडाखाली आडवा पडलो होतो तर धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर अनोळखी, पण म्हणे, तुमी वरठीवाले सायकलवाले ना. सिहोऱ्यालाच चालला होता. मी म्हटलं, गावाबाहेर उतरव, शेवटचा एक किलोमीटर चालवत जातो. त्यानं थेट अंकुशजींच्या दारात नेलं आणि पोत्यांवरून उतरवायला चार माणसं बोलावली. अश्वजितची आई पंचफुलाबाई पाणी घेऊन धावत आल्या आणि मला पाहून रडायलाच लागल्या.

अंकुशजींनी बाजूला घेतलं. म्हणाले, गुलाबभाऊ, आमाले सगळं समजलं. सस्पेंड तर सस्पेंड. गाडी जप्त झाली, होते. माणूस हाय, हात एखाद्या वेळी घसरते. आमी घाबरलो होतो, खोटं कायले बोलू. पण अश्वजित आयकत नाई.

मी जागच्या जागी बसलो. डोळ्यांसमोरून सगळं गेलं: जागेश्वर, डबे, वकील, कोहळं.

सांगितलं की रजेवर आहे. त्यांनी मान हलवली. सांगितलं की कोटासाठी सायकल चालवतो. त्यांनी हात हातात घेतला. शेवटी भूपेंद्रला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, सर रजेवर आहेत. मी विजयानं बघितलं. आवाजावरून त्याला काहीतरी गडबड वाटली असावी, कारण पुढं म्हणाला, आणि काहीही झालं तरी आम्ही सगळे सरांच्या पाठीशी आहोत. अंकुशजी म्हणाले, ऑफिसात चांगली माणसं कमावली तुमी.

साक्षगंध ३० लाच. माझ्याकडून काहीच नको म्हणाले, अशा वेळी तर नकोच.

रात्री ९, वरठी
अश्वजितनं मोटरसायकलवर मागं बसवून आणून सोडलं. सायकल सिहोऱ्यालाच.

झोप येत नाही. सत्तावीस वर्षं कुणाच्या फायलीवर चहासुद्धा घेतला नाही. आणि पंधरा दिवसांत सगळ्या वरठीनं मान्य केलं की मी पैसे खाल्ले. प्रेमानं मान्य केलं, डबे देऊन केलं, पण गुलाबभाऊ तसा नाही असं कुणाच्या तोंडून निघालं नाही.

वाटेत अश्वजितला हेच बोललो, तर तो म्हणाला, एकीनं म्हटलं. रीनानं. परवा त्याचे वडील मोडायला निघाले, तेव्हा तिनं स्वतःहून अंकुशजींना फोन केला. म्हणाली, माझ्या बाबाला सायकलमध्ये हवा भरायला एक दिवस लागतो, त्याला पैसे खाता येतील असं तुम्हाला वाटतं का?

मला रडू आलं. अश्वजितच्या पाठीमागे होतो, त्याला दिसलं नसेल.

३० नोव्हेंबर, रविवार
बुद्धवंदना झाली, साक्षगंध झालं. रीना हसत होती. सगळी गल्ली मदतीला. सुशीलाबाई पाच किलोमीटरवरून आली, कोहळं घेऊन. कोट सहा बोटं उघडा. पंचफुलाबाई रत्नमालाच्या कानात म्हणाल्या, राहू द्या, अशा दिवसात नवा कोट कोठून येईल.

मी पाच वेळा सांगून पाहिलं की मी रजेवर होतो. प्रत्येक वेळी कुणीतरी ताटात अजून एक जिलेबी वाढली.

१ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी
रजा संपली. ताडपत्री काढली, मोटरसायकलवर ऑफिसला गेलो. चौकात पोचेपर्यंत बातमी पोचली होती: गुलाबभाऊले परत घेतलं. जागेश्वरनं ट्रॅक्टर थांबवून मिठी मारली. मी सांगायला तोंड उघडलं, त्याचे डोळे पाहिले आणि मिटलं. त्यानं पेढे मागितले. मी वाटले.

चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं, केसमधून कोणी काढलं.

मी हेमराजच्या वकिलाचं नाव सांगितलं. सगळ्यांचं समाधान झालं.