जिन्याच्या खिडकीतल्या अँटेनाबाबत

दिनांक : ७ जुलै

प्रति,
मा. विभागप्रमुख,
गृहनिर्माण विभाग,
मिझुहाता नगरपालिका.

विषय : रेडिओ स्कॅनरची अँटेना इमारत क्र. ३ च्या जिन्यात बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : सज्जातील अँटेना सात दिवसांत काढण्याची आपली नोटीस, दि. १ जुलै.

महोदय,

मी साओरी कुझुमी, तानिशिता वसाहतीत चौथ्या मजल्यावर माझ्या पाच वर्षांच्या मुलीसह राहते. नोटिशीची मुदत उद्या संपते, म्हणून हा अर्ज.

१. अँटेना दिसायला वाईट आहे, हे मान्य. पण ती हौसेने बाहेर गेलेली नाही. स्कॅनर म्हणजे इतरांचे रेडिओवरचे बोलणे ऐकवणारे यंत्र; त्यासोबत आलेल्या आखूड अँटेनावर घरात नुसती खरखर येते. भिंतींत लोखंडी सळ्या आहेत आणि भाताच्या कुकरजवळ तर आवाज आणखी चिरकतो. मी अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची तार कापून हँगरला उभी बांधली. खिडकीच्या काचेला टेकवल्यावर अर्धी वाक्ये कळू लागली. सज्जात कपड्यांच्या दांडीवर नेली, तेव्हा शब्द न् शब्द आला.

२. इमारतीचे देखभालदार निशिगुची सान म्हणाले, "कुझुमी सान, लोकांना वाटतंय तुम्ही पोलिसांवर पाळत ठेवताय!" मी म्हटले, पोलिसांचे यात येतच नाही, मी मागच्या टेकडीवरचे ऐकते. तेव्हा हसून म्हणाले, "बरं, मग काय म्हणते टेकडी?" मी गप्प बसले. उद्धटपणा नव्हता. ऐकणे गुन्हा नाही, ऐकलेले दुसऱ्याला सांगणे गुन्हा आहे. आपल्याच कार्यालयाच्या खिडकीवर मी विचारले होते. उत्तर मिळाले, "ऐका हो खुशाल. फक्त तोंड बंद ठेवा."

३. तेव्हा मी फक्त डोळ्यांना दिसते तेवढेच लिहिते. रोज संध्याकाळी पावणेसहाला स्वयंसेवी अग्निशमन दलाचे दोघे जण आमच्या मागचा उतार चढतात. तिथे जमिनीला पडलेल्या भेगेपाशी त्यांनी खुंट्या ठोकल्या आहेत. टेप लावतात, वाकून बघतात, आणि सहाला हातातला रेडिओ तोंडाशी धरतात. पूर्वी उतरताना त्यांच्या गप्पा चालत. गेल्या आठवड्यापासून ते न बोलता उतरतात, आणि भराभर उतरतात.

४. माझी मुलगी कोहारू त्या वेळी स्कॅनरशेजारी बसून ठोकळे खेळते. एक आकडा कानावर पडला की तितके ठोकळे एकावर एक रचते. हे तिला कोणी शिकवलेले नाही. एक जूनला चार ठोकळे होते, वीस जूनला एकोणीस. डबीत पन्नास आहेत. काल ती म्हणाली, "आई, ठोकळे संपले. अजून आण ना."

५. धोक्याची सूचना भोंग्यावरून मिळेल, असे आपले पत्र सांगते. दुहेरी काचा लावल्या की भोंगा घरात ऐकू येत नाही. शिवाय ती सूचना ठरलेली हद्द ओलांडल्यावरच निघते. हद्द किती, असे विचारले तर "ती कार्यालयाची अंतर्गत बाब आहे" असे उत्तर आले.

६. तळमजल्यावर, उताराकडच्या खोलीत तोकिएदा आजी राहतात. गुडघे गेलेले. काल त्यांनी मला अडवलेच. "पोरी, तुझा चेहरा का असा उतरलाय? कोणाशी भांडलीस?" म्हटले, नाही आजी, झोप झाली नाही. त्या म्हणाल्या, "मग आज लवकर निज." मी हो म्हणून वर आले. महोदय, कायदा पाळणे इतके लाजिरवाणे असेल, असे मला वाटले नव्हते.

तरी विनंती, की अँटेना चौथ्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडकीत लावू द्यावी. तिची वायर खाली आणून स्कॅनर तळमजल्यावर टपालपेट्यांशेजारी ठेवते. तार, वायर, फळी, सारे माझे. संध्याकाळी सहाला जो तो आपल्या कानांनी ऐकेल. मग मला कोणाला काहीच सांगावे लागणार नाही.

परवानगीची वाट मी उद्या संध्याकाळी सहापर्यंत पाहीन. त्यानंतर मी तोकिएदा आजींचे दार वाजवणार आहे. मग जो काही गुन्हा होईल, त्याची नोटीस याच पत्त्यावर पाठवावी. इमारत जागेवर असेल तर ती मिळेल.

आपली नम्र,
साओरी कुझुमी
इमारत क्र. ३, खोली ४०२

सोबत :
१) अँटेना व वायर यांचा हाताने काढलेला आराखडा
२) मुलीच्या ठोकळ्यांची तीन छायाचित्रे : १ जून, २० जून, ६ जुलै. (तिसऱ्यात वरचे दहा ठोकळे शेजाऱ्यांकडून आणलेले आहेत.)